शाव्यस, पॅट, अपार, शापोआ : चौथीतल्या मुलीच्या आईला पडलेलं कोडं

अमळनेर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत शिकते. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुरुजींचा मेसेज आला : "शनिवारी शाव्यस सभा. विषय : १. संकलित-१ पॅट निकाल व आकारिक नोंदी, २. एफएलएन स्तर, ३. आधार मिसमॅच व अपार संमती, ४. शापोआ, ५. यूडायस प्लस व संचमान्यता, ६. आयत्या वेळचे विषय." ताई दहावी शिकलेल्या आहेत, तरी त्यांना यातलं 'शनिवारी' आणि 'आयत्या वेळचे विषय' एवढंच कळलं. विचारायची लाज वाटली. शिवाय मुलीच्या प्रगतीपत्रकावर गणिताला ब-१ आहे आणि घरी तिला भागाकार जमत नाही, हे कसं, असंही त्यांनी विचारलं आहे.

ताई, लाज वाटायचं काही कारण नाही. मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या नोकरीत काढली. आधी धडगावच्या डोंगरात, मग साक्री तालुक्यात, आणि शेवटची काही वर्षं केंद्रप्रमुख म्हणून. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला वरून चिठ्ठी आली, 'येताना जीआर घेऊन यावे'. शाळेत आम्ही जनरल रजिस्टरला जीआर म्हणायचो. मी ते भलंमोठं रजिस्टर फडक्यात बांधलं, एसटीत मांडीवर घेऊन बसलो आणि पंचायत समितीत जाऊन टेबलावर ठेवलं. साहेबांनी कपाळाला हात लावला. त्यांना हवी होती एका शासन निर्णयाची प्रत. कचेरीत जीआर म्हणजे शासन निर्णय. आणि जनरल रजिस्टर तर शाळेबाहेर न्यायचंच नसतं! त्या दिवशी जे ऐकून घेतलं ते अजून आठवतं. तेव्हापासून समोरच्याला कळला नाही असा शब्द मी दोनदा बोलत नाही.

या सगळ्या शब्दांची पूर्ण रूपं पाठ करायला जाऊ नका, शिक्षकांनाही ती पाठ नसतात. एवढंच पाहायचं की हा शब्द मुलीच्या शिकण्याविषयी आहे, तिच्या कागदांविषयी आहे, की शाळेच्या कारभाराविषयी. तुमच्या मेसेजमध्ये तिन्ही एकात कालवले आहेत, म्हणून डोकं फिरलं. आधी शिकण्याचं घेऊ, कारण तुमचा खरा प्रश्न ब-१ चा आहे.

ब-१ ही श्रेणी येते सीसीईतून. सीसीई म्हणजे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन. शिक्षणाचा हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यापाठोपाठ २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात पहिली ते आठवीला ही पद्धत आली. यात गुणांचे दोन वाटे असतात, आकारिक आणि संकलित. एका आजोबांनी मला विचारलं होतं, आकारिक म्हणजे पोराचं आकारमान मोजता का? तसं नाही. मूल शिकता शिकता आकार घेत असतं, तेव्हा वर्षभर ज्या नोंदी ठेवायच्या ते आकारिक. त्यासाठी आठ साधनं ठरवून दिली आहेत : दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक किंवा प्रयोग, उपक्रम किंवा कृती, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय किंवा वर्गकार्य, आणि इतर. सत्राच्या शेवटी जी परीक्षा होते ती संकलित.

आता वाटे बघा. पहिली-दुसरीला आकारिक ७० आणि संकलित ३०. तिसरी-चौथीला ६० आणि ४०. पाचवी-सहावीला निम्मे निम्मे. सातवी-आठवीला ४० आणि ६०. चौथीच्या ४० संकलित गुणांत ३० लेखी आणि १० तोंडी किंवा प्रात्यक्षिक. श्रेणी लागते ती बेरजेवर : ९१ पासून वर अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, ६१ ते ७० ब-२, ५१ ते ६० क-१, ४१ ते ५० क-२, ३३ ते ४० ड, आणि त्याखाली इ-१, इ-२.

तुमच्या मुलीचं पत्रक मी पाहिलेलं नाही, पण असा ब-१ कसा तयार होतो ते मांडून दाखवतो. समजा वही नीटनेटकी, गृहपाठ रोजचा, भौमितिक आकारांचा प्रकल्प छान चिकटवलेला, वर्गात हात वर करते. आकारिकमध्ये ६० पैकी ५२ पडले. संकलितच्या तोंडीत १० पैकी ६. लेखीत मात्र ३० पैकी १३. संकलित झाले १९. बेरीज ७१, श्रेणी ब-१. पत्रकावर फक्त ब-१ दिसतं. लेखीतले ते १३ झाकले गेले, आणि तुमचा भागाकार नेमका तिथेच अडकला आहे.

यात कोणी फसवलं असं नाही. पद्धतच अशी की कष्टाळू मुलीला आकारिक वर उचलतं, आणि ते काही अंशी योग्यही आहे. पण पालकाने विचारायचं ते श्रेणी नव्हे, तिचे दोन भाग. "गुरुजी, नोंदवहीत तिचे आकारिक किती आणि संकलित किती, जरा दाखवता का?" एवढं एक वाक्य बोला. ही नोंदवही वर्गशिक्षकाकडे असते आणि स्वतःच्या मुलीची नोंद बघायला कुणी अडवत नाही. जमलं तर लेखी परीक्षेचा पेपरच मागा. कुठलं गणित चुकलं हे श्रेणी कधीच सांगणार नाही.

पत्रकावरच्या वर्णनात्मक नोंदींबद्दल एक कबुली देऊन टाकतो. 'मूलभूत क्रिया अचूक करते', 'शाळेत नियमित उपस्थित राहते', 'खेळात उत्साहाने भाग घेते' अशा वाक्यांच्या तयार याद्या असतात आणि एप्रिलच्या उन्हात चाळीस पत्रकं लिहिताना हात आपोआप यादीकडे जातो. मीही केलंय. एका मुलीच्या पत्रकावर मी 'नियमित उपस्थिती' लिहिलं होतं, आणि ती चार महिने आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली. तिच्या बापाने ते दुसऱ्याकडून वाचून घेतलं आणि मला काही न बोलता नुसता हसला. त्यानंतर मी यादी फाडून टाकली, पण प्रत्येकाने फाडली असेल असं समजू नका. नोंदीत तुमच्याच मुलीला लागू पडेल असं काही दिसलं, तरच ती खरी धरा.

पॅट म्हणजे नियतकालिक मूल्यांकन चाचणी. वेगळी कुठली भानगड नाही. वर्षात तीन असतात : सुरुवातीला पायाभूत चाचणी, पहिल्या सत्राअखेर संकलित-१, आणि वर्षाअखेर संकलित-२. भाषा, गणित आणि इंग्रजीचे पेपर राज्यभर एकच येतात. पायाभूत चाचणीत मागच्या इयत्तेचं विचारतात, म्हणून तिथे कमी गुण पडले तर घाबरायचं नाही. गेल्या वर्षाचं किती शिल्लक राहिलं एवढं त्यातून कळतं.

एफएलएन म्हणजे पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान. साध्या भाषेत, वाचता येतं का आणि हिशोब जमतो का. केंद्राचं निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं ते यासाठीच. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाने समजून वाचावं आणि साधी गणितं करावीत, आणि देशभर हे २०२६-२७ पर्यंत व्हावं, असं त्याचं उद्दिष्ट. तिसरीच्या मुलाने अनोळखी मजकूर मिनिटाला निदान ६० शब्द या वेगाने, अर्थ कळून वाचावा आणि ९,९९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्या-लिहाव्यात, ही त्यातली अपेक्षा.

मेसेजमधला 'स्तर' म्हणजे तुमची मुलगी त्या पायऱ्यांवर कुठे उभी आहे ते. वाचनात अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे टप्पे. गणितात अंकओळख, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी, मग भागाकार. ही उतरंड 'असर' पाहणीमुळे गावोगाव माहीत झाली. प्रथम संस्था २००५ पासून ही पाहणी करते, शाळेत नव्हे तर घरी जाऊन. तिच्यातली शेवटची पायरी आहे तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं. म्हणजे तुमची तक्रार आणि सरकारचा एफएलएन स्तर, दोन्ही एकाच गणितापाशी येऊन थांबतात.

हे घरीच तपासता येतं. तिला ६१८ भागिले ६ द्या आणि शेजारी गप्प बसा. उत्तर १०३ आलं तर पोरगी पुढे गेलेली आहे. १३ आलं, तर रीत येते पण एकात सहा जात नाही तेव्हा भागाकारात शून्य लिहायचं हे कळलेलं नाही. म्हणजे स्थानिक किंमत कच्ची. त्यावर उपाय दशक-शतकाचे गठ्ठे, काड्या, खोट्या नोटा. पाढे घोकून ते सुटत नाही. आणि पेन्सिल पहिल्याच अंकापाशी अडली, तर पाढेच येत नाहीत. माझ्या अनुभवात चौथीतल्या निम्म्या पोरांचं उत्तर १३ येतं, आणि घरचे म्हणतात 'पाढे पाठ कर'. चुकीच्या जागी मलम. सभेत गुरुजींना सांगताना 'भागाकार येत नाही' असं मोघम सांगू नका, 'शून्याच्या जागी चुकते' असं सांगा. ते तुमच्याकडे वेगळ्याच नजरेने बघतील.

वाचनाच्या स्तराबाबत आपल्याकडची एक अडचण. एकदा चाचणीत चित्र होतं ज्वारीच्या कणसाचं. पोरगं खणखणीत आवाजात म्हणालं, "दादर!" बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या तपासणाऱ्याला ते मुंबईचं स्टेशन वाटलं आणि त्याने फुली मारली. आता आपल्या खानदेशात दादर कोण खात नाही? मी मध्ये पडलो, फुली खोडायला लावली. अहिराणी, भिली, पावरी बोलणाऱ्या घरातलं मूल पुस्तकी शब्दापाशी अडखळलं म्हणून ते खालच्या स्तरावर नसतं. मुलीला वाचलेलं अहिराणीत सांगू द्या. नीट सांगितलं तर अर्थ कळलाय.

तुम्हाला एनएएस, नॅस असाही शब्द कानावर येईल. ती राष्ट्रीय संपादणूक पाहणी. २०१७ आणि २०२१ ला झाली, आणि ४ डिसेंबर २०२४ ला 'परख' या नावाने तिसरी, सहावी, नववीची झाली. ती काही निवडक शाळांत होते आणि निकाल जिल्ह्याचा लागतो, मुलाचा नाही. त्यावरून घरात कुणाला रागवू नका. अध्ययन निष्पत्ती हा शब्दही ऐकाल. धड्यानंतर मुलाला काय यायला हवं त्याची ती यादी. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर ०५.७१.०३ असे आकडे दिसतात त्यातले पहिले दोन इयत्तेचे, मधले विषयाचे, शेवटचे अनुक्रमाचे. ७१ म्हणजे गणित. लॉटरीचा नंबर नव्हे.

हे सगळं आत्ताच करायला का सांगतो? पुढच्या वर्षी ती पाचवीत जाईल. गावात अजून लोक म्हणतात, आठवीपर्यंत कुणी नापास होत नाही. पूर्वी तसं होतं. २०१९ ला केंद्राने कायद्यात दुरुस्ती केली आणि २०२३ च्या डिसेंबरात महाराष्ट्राने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. पाचवीला विषयाला ५० गुण, पास व्हायला ३५ टक्के. नाही झाली तर पुनर्परीक्षा, आणि त्यातही नाही तर त्याच वर्गात. साक्रीकडे सभेत एक बाप मला दरवर्षी एकच विचारायचा, "गुरुजी, मना पोऱ्या पास शे का नापास, इतलंच सांगा." तेव्हा मला त्याचं हसू यायचं. आता पाचवीपुरता त्याचा प्रश्न रास्त ठरलाय.

आता कागद. तुमच्या गावची शाळा चौथीपर्यंतच असेल तर उन्हाळ्यात दाखला काढावा लागेल, आणि मेसेजमधले 'आधार मिसमॅच', 'अपार', 'यूडायस' हे तिन्ही तेव्हा एकदम समोर येतील.

यूडायस हा मुळात शाळेचा क्रमांक. ११ अंकी. पहिले दोन अंक राज्याचे, २७ म्हणजे महाराष्ट्र. पुढचे दोन जिल्ह्याचे, आणि ही मोजणी आपल्यापासून सुरू होते : ०१ नंदुरबार, ०२ धुळे, ०३ जळगाव. म्हणजे तुमच्या शाळेचा क्रमांक २७०३ ने सुरू होत असणार, बघा भिंतीवर. मग तालुका, गाव, आणि शेवटी शाळा. यूडायस प्लस हे त्याचं ऑनलाइन रूप. खोल्या किती, संडास किती, मुलं किती, सगळं त्यात भरायचं. त्याच पोर्टलवर प्रत्येक मुलाला पेन मिळतो, कायमचा शिक्षण क्रमांक, तोही ११ अंकी. लिहायचा पेन नव्हे. एका आईने मला खरंच दोन पेन आणून दिले होते.

सरल ही विद्यार्थ्यांच्या नोंदींची राज्याची ऑनलाइन प्रणाली, २०१५ पासूनची, आणि तिचा विद्यार्थी क्रमांक वेगळा. अपार त्यानंतरचा. १२ अंकी, केंद्राचा, मुलाची सगळी शैक्षणिक नोंद एका खात्यात राहावी म्हणून. त्यासाठी पालकाची लेखी संमती लागते आणि संमती देणं ऐच्छिक आहे. कागदावर सही मागतील तेव्हा आधी वाचा. मी माझ्या नातवाची दिली, कारण पुढे गुणपत्रकं डिजिलॉकरमध्ये सापडतात. पण सही केली नाही म्हणून मुलीला वर्गात बसू देणार नाही असं कुणी म्हणालं, तर ते खरं नाही.

हे क्रमांक अडतात ते नावापाशी. जनरल रजिस्टरमध्ये नाव एक, आधारवर दुसरं, जन्म दाखल्यावर तिसरं. एखाद्या अक्षराचा, जन्मतारखेच्या एका आकड्याचा फरक असला तरी 'मिसमॅच'. यात आमच्या पिढीच्या गुरुजींचाही हात आहे. पूर्वी पोराला शाळेत घालताना बाप म्हणायचा, 'पेरणीच्या आधी झाला', की गुरुजी १ जून टाकून मोकळे. आपल्या भागातल्या म्हाताऱ्यांचे दाखले काढून बघा, गावच्या गाव १ जूनला जन्मलेलं.

तुम्ही घरी तिन्ही कागद एका ओळीत ठेवून नाव, बापाचं नाव, आडनाव, तारीख अक्षर न् अक्षर जुळवा. चूक आधारवर असेल तर आधार केंद्रात जाऊन दुरुस्ती. रजिस्टरमध्ये असेल तर मुलगी शाळेत आहे तोवरच मुख्याध्यापकांकडे अर्ज द्या, सोबत जन्म दाखला जोडा. मुख्याध्यापकांना स्वतःच्या मनाने खाडाखोड करता येत नाही, वरच्या कचेरीची मंजुरी लागते. दाखला हातात पडल्यावर हीच दुरुस्ती फार चालायला लावते. त्या रजिस्टरच्या एका ओळीची किंमत घरच्यांना तेव्हा कळते, जेव्हा जातपडताळणीसाठी आजोबांचा निर्गम उतारा, म्हणजे त्याच रजिस्टरमधल्या नोंदीची प्रत, शोधत माणसं शाळेत येतात. जीर्ण पानं, फिकी शाई, आणि बाहेर तरुण मुलगा घामाघूम उभा. असे कितीतरी बघितले.

एलसी, टीसी, दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं एकच. दाखला घेताना त्यावर जनरल रजिस्टर क्रमांक, पेन आणि विद्यार्थी क्रमांक आलेत का बघा, आणि नव्या शाळेने ऑनलाइन मागणी करून तिला आपल्याकडे ओढून घेतलं का ते महिनाभराने विचारा. नाहीतर कागदावर मुलगी नव्या शाळेत आणि पोर्टलवर 'ड्रॉपबॉक्स'मध्ये पडून राहते, म्हणजे कुठल्याच शाळेत नाही. दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये ते स्पष्ट आहे. स्थलांतर करणाऱ्यांना हे सांगावंच लागतं. ऊसतोडीला जाताना शाळेकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यायचं, म्हणजे जिथे जाल तिथल्या शाळेत पोर बसू शकतं.

आरटीई हा शब्द लोक फक्त पंचवीस टक्क्यांसाठी वापरतात. 'आरटीईत नंबर लागला' म्हणजे खाजगी विनाअनुदानित शाळेत मोफत जागा मिळाली. ते कलम १२ चं एक पोटकलम झालं. तुमच्या जिल्हा परिषद शाळेलाही तोच कायदा आहे : ६ ते १४ वयाला मोफत शिक्षण, पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस शाळा, ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक.

त्या शिक्षकांवरूनच संचमान्यता आली. पटावर मुलं किती यावरून शाळेला शिक्षकांची पदं किती मंजूर, त्याचा हिशोब. अलीकडे त्यात आधार जुळलेली मुलंच धरली जातात, म्हणून गुरुजी आधारासाठी मागे लागतात. तुम्हाला वाटतं सरकारी कटकट, पण त्यांच्या पोटात गोळा असतो की चार मुलांचं नाव जुळलं नाही तर एक पद जाईल, आणि मग उरलेल्याने चार वर्ग एकट्याने सांभाळायचे. धडगावकडे मी रेंज मिळावी म्हणून टेकडीवर चढून पोर्टल भरणारे शिक्षक बघितलेत. ते पोर्टल आणि तुमच्या मुलीचा भागाकार यांची वेळ एकच असते, हे दुखणं मात्र खरं आहे.

शापोआ म्हणजे शालेय पोषण आहार, खिचडी. केंद्राचं नाव २०२१ पासून पीएम पोषण. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं असं प्रमाण आहे. शाळेत चव नोंदवही असते. कधी शाळेत गेलात तर चमचाभर खाऊन त्यात सही करा, तुमचा तो हक्क आहे.

साहेब लोकांची अक्षरं भराभर सांगतो. मु.अ. मुख्याध्यापक. केंद्रप्रमुख म्हणजे दहा-पंधरा शाळांच्या केंद्राचा. शिविअ, शिक्षण विस्तार अधिकारी. गशिअ, गटशिक्षणाधिकारी, तालुक्याचे, पंचायत समितीत बसतात. बीआरसी म्हणजे गट साधन केंद्र, तिथले साधनव्यक्ती वर्गावर येतात. डाएट, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, शिक्षकांना शिकवणारी. खाण्याच्या डाएटशी संबंध नाही. आणि आश्रमशाळेचं काम असेल तर पंचायत समितीत चपला झिजवू नका. ते आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे, आपल्याकडे नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावलला.

राहिली शाव्यस, शाळा व्यवस्थापन समिती. सदस्यांपैकी तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. अध्यक्ष पालकांतूनच निवडतात, मुख्याध्यापक सचिव. म्हणजे ही सभा गुरुजींनी बोलावलेली वाटली तरी मुळात ती तुमची आहे. बऱ्याच गावांत महिला सदस्यांच्या सह्या रजिस्टर घरी नेऊन घेतात, हे मला माहीत आहे, मी ते थांबवायला भांडलोही आहे. तुम्ही सदस्य नसलात तरी जाऊन बसा.

शनिवारी जाताना मुलीची गणिताची वही आणि तो ६१८ चा कागद बरोबर घ्या, आधार आणि जन्म दाखल्याच्या झेरॉक्स घ्या. विषय १ आला की नोंदवही मागा, विषय ३ आला की झेरॉक्स पुढे करा. आणि मध्येच कुणी पीजीआय की काय म्हणालं तर हात वर करून विचारा. ती राज्यांच्या आणि जिल्ह्यांच्या शैक्षणिक कामगिरीची प्रतवारी आहे, तुमच्या मुलीचं त्यात काही अडत नाही. सभा सकाळची असेल, शनिवारी शाळा लवकर सुटते, तेव्हा दहा मिनिटं आधीच जा. वर्गशिक्षक तेव्हा मोकळे सापडतात.